माटुंग्याचं यूडीसीटी (आताचं आयसीटी): कुठली शाखा भरावी? भाचीसाठी सल्ला हवाय

बांगडीमोर

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. विषय भाचीच्या ॲडमिशनचा आहे. आम्ही मूळ येवल्याचे. माझे वडील म्हणजे तिचे आजोबा आयुष्यभर पैठणीच्या रेशमाला रंग देत आले, माग दुसऱ्यांचे, आमच्याकडे फक्त रंगाचं काम. भाची लहानपणापासून त्यांच्या चुलीजवळ बसलेली. बारावीला पीसीएम घेतलं, सीईटीला पर्सेंटाइल चांगले आलेत, आता कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायचाय आणि घरात दोन तट पडलेत. दाजींचं म्हणणं पुण्यात एका खाजगी कॉलेजला कॉम्प्युटर मिळतंय ते डोळे झाकून घ्यावं. पोरीचं म्हणणं केमिस्ट्रीतलंच काहीतरी करायचंय आणि माटुंग्याच्या आयसीटीलाच (रसायन तंत्रज्ञान संस्थेलाच) जायचंय. तिथे केमिकल इंजिनियरिंग मिळणं कठीण दिसतंय, पण बाकीच्या शाखा मिळू शकतील, डायस्टफ, फायबर्स अँड टेक्स्टाइल प्रोसेसिंग, ऑइल्स, सरफेस कोटिंग, पॉलिमर वगैरे. या नावांचा अर्थच घरात कुणाला लागत नाहीये. दाजी म्हणाले, लोकांनी विचारलं मुलगी काय शिकते तर काय सांगू, रंग शिकते? हे ते वडिलांसमोरच बोलले. वडील काही न बोलता उठून आत गेले.

मला आधी हे कळत नाहीये की ही संस्था सरकारी की खाजगी, कारण कुणी डीम्ड म्हणतं कुणी सरकारी म्हणतं. या शाखांत नक्की काय शिकवतात तेही कुणीतरी साध्या भाषेत सांगा. आणि जालन्यालाही त्यांचा कॅम्पस आहे म्हणे, आमच्यासाठी तो जवळ पडेल, तो घ्यावा का?

आणि एक प्रश्न खुद्द भाचीचा, तिने लिहायला सांगितलाय. आजोबांच्या पातेल्यात रेशमाची लडी घातली की रंग पक्का बसतो, त्याच पातेल्यात सुती कापड बुडवलं तर दोन धुण्यात फिकं पडतं, असं का? कॉलेजात विचारलं तर हे सिलॅबसमध्ये नाही म्हणाले.

गणितमास्तर

तुमच्या दाजींची बाजू मांडतो, राग मानू नका. मी क्लासेस चालवतो, दरवर्षी शंभरेक मुलांचे फॉर्म माझ्यासमोर भरले जातात. मध्यमवर्गीय घरात चार वर्षांनी पगार सुरू होणं ही गरज असते, हौस नसते. केमिकलच्या बाजूला पहिली नोकरी बहुतेकदा प्लांटवर लागते, दहेज, अंकलेश्वर, लोटे, कुरकुंभ अशा ठिकाणी, शिफ्ट ड्युटी असते, मुलीला एकटीला राहावं लागतं. कॉम्प्युटरवाल्याला पुण्यात बसून काम मिळतं. आयसीटीचं नाव मोठं आहे यात वादच नाही, पण नाव मोठं म्हणून तिथली मिळेल ती शाखा घ्यायची हे मला पटत नाही. केमिकल मिळत असेल तर जरूर घ्या, नाहीतर नीट विचार करा.

जुनी_प्रयोगशाळा

बांगडीमोर, तुमचा धागा वाचून रात्री झोप लागली नाही म्हणून आत्ता लिहायला बसलोय, लांब होईल.

आधी भाचीच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. रेशीम हे प्रोटीन आहे, आपल्या केसांसारखं, नखांसारखं. त्याच्या रेणूत अमिनो गट असतात. तुमचे वडील पातेल्यात ॲसिटिक ॲसिड टाकत असणार, हो ना? पाणी आंबट झालं की त्या अमिनो गटांवर धन भार येतो. रेशमाला वापरतात तो रंग ॲसिड डाय, त्याच्या रेणूला सल्फोनेटचे गट असतात, त्यांच्यावर ऋण भार. दोघं एकमेकांना ओढून धरतात आणि रंग धाग्यात बसतो. सुती म्हणजे सेल्युलोज, त्यात अमिनो गट नाहीतच, त्यामुळे हा रंग त्याला नुसता चिकटतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. सुताला वेगळा रंग लागतो. एक व्हॅट डाय, जो पाण्यात विरघळत नाही, आधी त्याचं रूप बदलून विरघळवतात आणि सुतात शिरला की हवेने परत मूळ रूपात आणतात, नीळ त्यातलीच. दुसरा रिॲक्टिव्ह डाय, जो सोड्याच्या पाण्यात सेल्युलोजशी खराखुरा रासायनिक बंध जोडतो. हे रिॲक्टिव्ह रंग बाजारात आले १९५६ मध्ये, म्हणजे रंगाच्या धंद्यात ते काल-परवाचेच म्हणायचे. हे सगळं डायस्टफ आणि फायबर्स या दोन शाखांचं रोजचं काम आहे. तिच्या कॉलेजच्या सिलॅबसमध्ये नाही ते माटुंग्याला सिलॅबसमध्ये आहे, एवढं तिला सांगा.

आता माझं. माझे वडील गिरणीत ब्लीचिंग-डाइंग खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी कॉलेजात होतो, पुढे काय झालं ते मुंबईकरांना सांगायला नको. बीएस्सी केमिस्ट्री केली आणि मग यूडीसीटीला बी.एस्सी.(टेक.) डायस्टफ. तेव्हा टेकच्या शाखांना बीएस्सी झाल्यावर प्रवेश असायचा, आता बारावीनंतर चार वर्षांचं बी.टेक. आहे. पहिल्या दिवशी लॅबमध्ये बीकरमधला रंग बघितला आणि वडिलांच्या हाताला जो कायम असायचा तोच रंग आहे हे लक्षात आलं. वडिलांनी तीस वर्षं जे हाताने केलं त्याचं कारण मला तिथे कळायला लागलं. मी घरी जाऊन त्यांना सांगायचो आणि ते म्हणायचे हे आम्हाला माहीतच होतं, फक्त नाव माहीत नव्हतं.

ही संस्था जन्मलीच या कामासाठी. १ ऑक्टोबर १९३३ ला मुंबई विद्यापीठाचं केमिकल टेक्नॉलॉजीचं डिपार्टमेंट सुरू झालं, तेव्हा मुंबईत गिरण्या चालल्या होत्या जोरात पण रंग यायचा परदेशातून. सुरुवातीचे विषय दोनच, टेक्स्टाइल केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनियरिंग. पहिले प्रमुख फॉर्स्टर, आणि १९३८ पासून डॉ. के. वेंकटरामन. वेंकटरामन म्हणजे रंगांच्या रसायनशास्त्रातलं जगातलं नाव. फुलापानांतली पिवळी द्रव्यं, फ्लेवोन, ती बनवण्याच्या वाटेवरची एक रिॲक्शन आजही बेकर-वेंकटरामन या नावाने शिकवतात. १९५७ मध्ये ते पुण्याच्या एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे) पहिले भारतीय संचालक झाले. दाजींना सांगा, 'रंग शिकते' हे सांगताना आवाज खाली आणायची गरज नाहीये.

कोरा कागद

सरकारी-डीम्डचं मी सांगतो, लेकाच्या वेळी मीही याच घोळात होतो. आधी मुंबई विद्यापीठाचा विभाग, म्हणून यूडीसीटी. २००२ मध्ये स्वायत्तता मिळाली तेव्हा नाव झालं यूआयसीटी. सप्टेंबर २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि आयसीटी झालं, मराठीत रसायन तंत्रज्ञान संस्था. आपल्याकडे डीम्ड म्हटलं की लोकांना मोठी फी आणि मॅनेजमेंट कोटा आठवतो, तसं हे नाही. राज्य सरकारच्या पैशावर चालणारी सार्वजनिक संस्था आहे, फक्त पदवी स्वतःची देते. बी.टेक.च्या ७० टक्के जागा महाराष्ट्रातल्या मुलांना सीईटीवरून, ३० टक्के देशभरातून जेईई मेनवरून. फी वर्षावर्षाला बदलते, चालू वर्षाची माहितीपुस्तिका बघूनच ठरवा. कागद मात्र आत्ताच जमा करा, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेयर आणि जात वैधता. जात वैधतेसाठी आमचे हाल झाले होते, ती शेवटच्या आठवड्यात मिळत नाही.

शुभ्रकळी

मी सध्या तिथेच आहे, ऑइल्सला, थर्ड इयर. पूर्ण नाव ऑइल्स, ओलियोकेमिकल्स अँड सरफॅक्टंट्स. मला मिळालं तेव्हा घरी रडले होते कारण केमिकल हवं होतं. नातेवाईक विचारायचे तेलाची घाणी काढणार का. आता मला कुणी बदलून देतो म्हटलं तरी बदलणार नाही.

काका, एक विचारू? तुमचे वडील फिक्या रंगासाठी पाणी वेगळं वापरायचे का? म्हणजे विहिरीचं नाही, दुसरं काही?

आणि शाखांबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते, टेकच्या सगळ्या शाखांना केमिकल इंजिनियरिंगचे मूळ विषय असतातच. पाइपमधून द्रव कसा वाहतो, उष्णता कशी जाते, रिॲक्टर कसा मापायचा, हे डायस्टफवाल्यालाही शिकायचंय आणि पॉलिमरवाल्यालाही. त्याच्यावर आपापल्या शाखेचे विषय चढतात. त्यामुळे गणितमास्तर सर म्हणतात तसं 'केमिकल नाही तर काहीच नाही' असं खरंच नसतं.

बांगडीमोर

सगळ्यांचे मनापासून आभार. शुभ्रकळी, तुम्हाला हे कसं कळलं? वडील फिक्या रंगाला, मोतिया, फिका गुलाबी, आकाशी वगैरे, पावसाचं साठवलेलं पाणीच वापरायचे. पत्र्यावरून रांजणात घेतलेलं. विहिरीच्या पाण्यात डाग पडतात म्हणायचे. आम्हाला वाटायचं ही त्यांची श्रद्धा आहे.

शुभ्रकळी

श्रद्धा नाही काका, ते पक्कं केमिस्ट्री आहे. विहिरीचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. रेशमाचा गोंद काढायला साबणात उकळतात ना, साबण म्हणजे तेलातल्या आम्लांचं सोडियमचं लवण. जड पाण्यात कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि न विरघळणारा चिकट साबण तयार होतो, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो तोच. तो धाग्यावर बसला की तिथे रंग नीट शिरत नाही, गडद रंगात ते खपून जातं पण फिक्यात डाग दिसतो. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम जवळपास नसतंच. म्हणून तर नंतर सल्फोनेट जातीचे डिटर्जंट आले, त्यांची कॅल्शियमबरोबरची लवणं साबणाइतक्या सहज खाली बसत नाहीत. आमच्या सरफॅक्टंटच्या पेपरला हा प्रश्न येतो. तुमच्या वडिलांनी तो रांजण ठेवून सोडवला होता.

जुनी_प्रयोगशाळा

वा पोरी. बांगडीमोर, आता वडिलांना माझा एक प्रश्न विचारा. गोंद काढल्यावर रेशमाचं वजन किती भरतं?

बांगडीमोर

विचारलं. फोनवर हसायला लागले. म्हणाले किलोचं पाऊण किलो होतं, माग मालकाशी दर वेळी त्यावरून वाद व्हायचा, त्याला वाटायचं रंगाऱ्याने रेशीम चोरलं. ही गोष्ट पुस्तकात आहे का असं विचारतायत.

जुनी_प्रयोगशाळा

आहे. कच्च्या रेशमात शेकडा २० ते २५ भाग सेरिसिन नावाचा गोंद असतो, तो निघाला की तेवढं वजन जातं. त्यांना सांगा की पुस्तकातला आकडा आणि त्यांचा आकडा एकच आहे. हे पान प्रिंट काढून त्यांच्या हातात द्या.

पंचगंगा

मी इचलकरंजीचा, प्रोसेस हाउसला म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात काम करतो, डिग्री नाही, डिप्लोमा आहे. इथे सगळे चांगलं चांगलं सांगतायत म्हणून जरा दुसरी बाजू मांडतो. रिॲक्टिव्ह रंगाचं वर कौतुक झालं, पण तो रंग सगळा कापडात जात नाही. काही भाग पाण्याशीच रिॲक्शन करून बसतो आणि मग तो धुऊन काढावाच लागतो, नाहीतर गिऱ्हाइकाच्या घरी उतरतो. वरून रंग कापडाकडे ढकलायला मीठ घालावं लागतं, तेही पोत्याने. हे सगळं मीठ आणि उरलेला रंग पाण्यात. रंग डोळ्यांना दिसतो म्हणून लोक ओरडतात, पण मीठ दिसत नाही आणि ते काढणं जास्त अवघड आहे. आमच्या नदीचं काय झालंय ते पेपरात येतंच, मी त्या नदीचं पाणी प्यायलेला माणूस आहे. माझ्या आधीच्या एका मालकाकडे रात्री काय सोडायचे ते मी बघितलंय, मी बोललो तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं.

हे सांगायचं कारण, तुमच्या भाचीला घाबरवायचं नाहीये. आमच्याकडे मशीनवर माणसं आहेत, माल विकायला माणसं आहेत, पण कमी मिठात कमी पाण्यात तोच शेड काढून दाखवेल असा माणूस शोधून सापडत नाही. कॉम्प्युटरवाले भरपूर मिळतील. ज्या पोरीला आजोबांच्या पातेल्यावरून प्रश्न पडतो तिने या कामात यावं असं मला फार वाटतं. एवढंच.

बगॅस

पंचगंगा, तुमचं लिहिणं आतून आलंय. मी आयसीटीला पीएच.डी. केली. पाण्यातला रंग तोडायच्या कामावर तिथे बराच अभ्यास झालाय. डॉ. अनिरुद्ध पंडित, जे २०१९ नंतर कुलगुरूही होते, त्यांचं आयुष्यभराचं काम कॅव्हिटेशनवर आहे. पाणी अरुंद भोकातून वेगाने ढकललं की दाब पडतो, बारीक बुडबुडे तयार होतात, पुढे दाब परत वाढला की ते फुटतात आणि फुटताना त्या एवढ्याशा जागेत प्रचंड तापमान आणि दाब तयार होतो, त्यात रंगाचे रेणू तुटतात. मीठ याने जात नाही हे खरंय, पण जीवाणूंना न पचणारा रंग पचण्याजोगा करता येतो.

मी स्वतः वेगळ्या गोष्टीवर होतो, शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल. उसाच्या मळीपासून इथेनॉल करणं सोपं, साखर समोर मोकळी असते. भाताच्या पेंढ्यात किंवा बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, साखर आहे पण सेल्युलोजच्या आत कोंडलेली, वरून लिग्निनचं कुलूप. ते आधी आम्ल किंवा अल्कलीने सैल करायचं, मग एंझाइमने साखर मोकळी करायची, मग यीस्ट. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने तिथे या कामाचं केंद्रच उभं राहिलं आणि त्या तंत्रावर २०१६ मध्ये उत्तराखंडात काशीपूरला दिवसाला १० टन काडीकचरा घेणारा प्रात्यक्षिक प्लांट सुरू झाला. मी सांगतोय ते यासाठी की तिथे प्रयोगशाळेतली गोष्ट कारखान्यापर्यंत न्यायची एक सवय आहे. ही सवय जुनी आहे. प्रोफेसर मनमोहन शर्मा वयाच्या २७ व्या वर्षी तिथे प्रोफेसर झाले, केंब्रिजला डँकवर्ट्स यांच्याकडे पीएच.डी. करून आलेले, वायू आणि द्रव यांच्या रिॲक्शनवरचं त्यांचं काम जगभर वापरतात, १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. आणि हाच माणूस कारखान्यांचे अडलेले प्रश्न घेऊन विद्यार्थ्यांबरोबर बसायचा. त्यांचे पीएच.डी.चे विद्यार्थी डॉ. रघुनाथ माशेलकर, १९६६ ला तिथूनच केमिकल इंजिनियर झालेले. ज्या अंजी रेड्डींनी १९८४ मध्ये औषधांची कंपनी काढली तेही तिथे शिकलेले, घरडा केमिकल्सचे केकी घरडाही तिथलेच. तिथे हा उद्योग 'बाहेरचा' वाटतच नाही.

गणितमास्तर

मी परत वाचलं सगळं. पंचगंगा यांचं विशेषतः. माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये असा प्रश्न विचारणारं मूल वर्षाला एखादं येतं, हे खरं सांगतो. अशा मुलीला मी कॉम्प्युटर घे म्हणणार नाही. पण पगाराचं कुणीतरी सरळ सांगा, वडिलांना तेच हवं असतं आणि त्यात त्यांची चूक नाही.

भिंतीचा_रंग

सर, मी सांगते. सरफेस कोटिंगमधून बाहेर पडले, आता पंधरा वर्षं पेंटच्या धंद्यात, आर अँड डी. सुरुवातीचा पगार आयटीच्या मोठ्या पॅकेजएवढा नव्हता. पहिली दोन वर्षं प्लांटजवळ खोली घेऊन राहिले, आई महिन्यातून एकदा यायची. पण या धंद्यात जसजसं वय वाढतं तशी किंमत वाढते, कारण हे ज्ञान हाताला आणि डोळ्यांना लागतं आणि ते दोन वर्षांत जुनं होत नाही. माझ्याबरोबरचे काही परदेशात शिकायला गेले, काही मॅनेजमेंटला गेले, दोघांनी स्वतःचे छोटे कारखाने काढले. बायका प्लांटवर टिकत नाहीत हा समज आता सोडून द्या, माझ्या टीममध्ये निम्म्या मुली आहेत.

आणि सरफेस कोटिंग म्हणजे काय ते पण सांगते, कारण धाग्यात ते राहिलंच. रंगाच्या डब्यात चार गोष्टी, रंगद्रव्य, ते धरून ठेवणारं रेझिन, पातळ करणारं पाणी किंवा सॉल्व्हंट, आणि थोडी ॲडिटिव्ह. पांढरा रंग झाकतो कसा, तर टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाश पसरवतो. ते महाग, म्हणून उत्पादक त्यात खडूसारखी स्वस्त भर घालतात. पण भर वाढवत गेलं की एक मर्यादा येते, त्यापलीकडे सगळे कण भिजवायला रेझिन पुरतच नाही, मधे हवेच्या पोकळ्या राहतात, आणि एका क्षणी फिल्मचे सगळे गुण एकदम बदलतात, चमक जाते, ओल आत शिरते, हाताला पावडर लागते. त्या मर्यादेला क्रिटिकल पिगमेंट व्हॉल्यूम कॉन्सन्ट्रेशन म्हणतात. स्वस्त डिस्टेंपरची भिंत टेकल्यावर शर्टाला पांढरं लागतं ना, ती भिंत त्या मर्यादेपलीकडची. पूल, जहाज, गाडी, औषधाच्या गोळीवरचं कोटिंग, नळ, सगळीकडे हाच हिशोब. मला हा विषय लग्नाइतका जवळचा आहे, थांबते.

कोरा कागद

जालन्याचं राहिलं. जालना आणि भुवनेश्वर हे दोन्ही कॅम्पस २०१८ चे. भुवनेश्वरचा इंडियन ऑइलच्या मदतीने झालेला, जालन्याचा मराठवाडा कॅम्पस. तिथे पद्धत वेगळी आहे, बारावीनंतर पाच वर्षांचा इंटिग्रेटेड एम.टेक., वर्षाला तीन सत्रं आणि मधे मधे मुलांना कारखान्यात पाठवतात. ज्याला केमिकल इंजिनियरिंगच हवंय आणि पाच वर्षं द्यायची तयारी आहे त्याने नक्की बघावं. पण भाचीचा प्रश्न रंगाचा आणि धाग्याचा आहे, त्या शाखा माटुंग्याला आहेत. अंतरावरून ठरवू नका, येवल्याहून दोन्हीकडे घर सोडावंच लागणार.

जुनी_प्रयोगशाळा

सहमत. फॉर्ममध्ये क्रम लावताना मनाविरुद्धची शाखा वर टाकू नका, कटऑफ बघून क्रम लावू नका, जे हवंय ते वर. केमिकल हवंच असेल तर ते पहिलं लिहा, त्याने खालच्यांचं काही बिघडत नाही. डायस्टफ आणि फायबर्स यात फरक एवढाच की डायस्टफ म्हणजे रंग बनवणारा आणि फायबर्स म्हणजे तो धाग्याला देणारा. रंग बनवणाऱ्याला रेणू माहीत हवा, त्यातून काय सुटतं तेही. १९९४ मध्ये जर्मनीने घातक अमाइन सोडणाऱ्या ॲझो रंगांवर बंदी आणली तेव्हा आपल्या किती कारखान्यांना रेणूच बदलावे लागले, ते मी जवळून बघितलंय. धाग्याला देणाऱ्याला पाणी, मीठ, वाफ, धागा, सगळंच बघावं लागतं. तिलाच ठरवू दे.

बांगडीमोर

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा.

प्रिंट काढून येवल्याला घेऊन गेलो होतो. दाजीही आले होते. भाचीने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, पंचगंगांचं वाचताना थांबली, मग परत वाचलं. वडिलांनी पावसाच्या पाण्याचं दोनदा वाचायला लावलं. मग उठले आणि कपाटातून त्यांची वही काढली. मला माहीत होतं अशी वही आहे, पण आम्हा भावंडांना त्यांनी कधी हात लावू दिला नव्हता. पानापानावर रेशमाचे वीतभर धागे चिकटवलेले, बाजूला तारीख, किती तोळे रंग, किती ॲसिड, किती वेळ, आणि काही ठिकाणी पेन्सिलीने 'पाणी पावसाचं'. १९६८ पासूनची. दाजी बराच वेळ ती चाळत होते. नंतर एवढंच म्हणाले की हे सगळं नुसतं तुमच्याकडेच राहिलं असतं.

फॉर्म तिनेच भरला. पहिलं केमिकल नाही टाकलं. पहिलं फायबर्स, दुसरं डायस्टफ, तिसरं ऑइल्स. मी विचारलं रंग बनवण्यापेक्षा द्यायचं पहिलं का, तर म्हणाली मीठ कमी करायचंय.

काल यादी लागली. फायबर्स अँड टेक्स्टाइल प्रोसेसिंग, माटुंगा.

पंचगंगा

डोळ्यात पाणी आलं राव. तिला सांगा सुट्टीत कधीही इचलकरंजीला या, प्रोसेस हाउस आतून दाखवतो, मशीन, ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, सगळं. लपवायचं काही नाही.

शुभ्रकळी

अभिनंदन!! काका, रिपोर्टिंगला कधी येताय? येवल्याहून मनमाडला येऊन पहाटेची पंचवटी घ्या आणि दादरला उतरा, सीएसटीपर्यंत जाऊ नका. दादरहून सेंट्रलच्या स्लो लोकलने पुढचंच स्टेशन माटुंगा. वेस्टर्नच्या माटुंगा रोडला चुकून उतरू नका, दरवर्षी कुणीतरी उतरतंच. बाहेर आलात की नाथालाल पारेख मार्ग विचारा, खालसा कॉलेज सांगितलं तरी चालेल. ओरिजिनल कागदांचे दोन-दोन झेरॉक्स सेट करा. मी गेटवर थांबते.

जुनी_प्रयोगशाळा

मीही येतो, बऱ्याच वर्षांत गेलो नाहीये. बांगडीमोर, वही आणता येईल का? एकदा हातात घेऊन बघायची आहे.

बांगडीमोर

वही वडील स्वतः आणतायत. त्यांना जिना चढायला त्रास होतो, म्हणून दादरहून टॅक्सीच करू. गुरुवारी सकाळी साडेदहा-अकरापर्यंत पोचतो.